संत बहिणाबाईंचं आयुष्य रंगमंचावर : पहिल्यांदाच नाटक बसवणाऱ्यांसाठी

‘ज्ञानदेवें रचिला पाया’ आणि ‘तुका झालासे कळस’ हे शब्द माहीत नाहीत असा मराठी माणूस विरळा. ते कुणाचे, असं विचारलं की मात्र बहुतेक जण थांबतात. परंपरेनं ते संत बहिणाबाईंच्या नावावर आहेत. बहिणाबाईंनी आणखी एक काम करून ठेवलं आहे, आणि मला ते त्याहूनही मोठं वाटतं. सतराव्या शतकात, ब्राह्मण घरातल्या या बाईनं आपलं आयुष्य स्वतःच्या तोंडानं अभंगांत सांगितलं. लहानपण, लग्न, भटकंती, नवऱ्याचा मार, वासराचा मृत्यू, स्वप्नात भेटलेले तुकोबा, देहूतले दिवस आणि अगदी शेवटी मागचे बारा जन्म. याला त्यांचं आत्मनिवेदन म्हणतात.

महाविद्यालयातली मुलं, महिला मंडळं, गावातली भजनी मंडळं या विषयावर नाटक करायला उत्सुक असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या तालमीत अडकतात. नायिकेचे डोळे वर, हात जोडलेले, मागे टाळांचा गजर, आणि पुढे काय करायचं ते कुणालाच सुचत नाही. कारण श्रद्धा ही एका जागी बसलेली गोष्ट असते, आणि रंगमंचाला हलणारं काहीतरी लागतं. हलतो तो शोध. बहिणाबाईंच्या अभंगांत हा शोध ठिकठिकाणी आहे, फक्त तो वेचायला यायला हवा. तो कसा वेचायचा आणि उभा कसा करायचा, ते क्रमानं सांगतो.

आधी बाई कोण ते पक्कं करा

हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण आहे. एका मंडळानं संत बहिणाबाईंवर प्रयोग ठरवला आणि पत्रकावर ‘अरे संसार संसार’ छापलं. ती कविता बहिणाबाई चौधरींची. त्या खानदेशातल्या, जळगावकडच्या; काळ १८८० ते १९५१. आपल्या बहिणाबाईंचा जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा, आणि देह ठेवला तो १७०० साली, वैजापूर तालुक्यातल्या शिऊर इथे. दोघींच्या मध्ये अडीचशे वर्षं आहेत. दोघीही थोर, पण भाषा, जग आणि दुःख वेगळं.

आयुष्याचा सांगाडा प्रत्येक नटाला तोंडपाठ हवा. कोवळ्या वयात लग्न झालं, नवरा तिशीचा आणि बिजवर. घरात कर्जाचा नि भाऊबंदकीचा घोळ झाला आणि आईवडील, नवरा, ही पोर असं सगळं कुटुंब गाव सोडून निघालं. पंढरपूर, शिंगणापूर, रहिमतपूर असं करत कोल्हापूरला पोचलं. तिथे जयरामस्वामींची कीर्तनं ऐकायला मिळाली, तुकोबांचे अभंग कानावर पडले. तिथेच वासराचा प्रसंग घडला, तिथेच स्वप्नात तुकोबांचा अनुग्रह झाला. पुढे देहू. तिथे प्रत्यक्ष तुकोबा, आणि त्यांचा द्वेष करणारे मंबाजी. नंतरचं आयुष्य शिऊरला. तुकोबांना डोळ्यांनी पाहिलेल्या माणसानं त्यांच्याबद्दल लिहिलेलं आपल्याकडे फार थोडं आहे. त्यातला मोलाचा वाटा या बाईचा.

वाचन : मोठ्यानं आणि वही घेऊन

बहिणाबाईंचा गाथा मिळवा. कथासार, मुलांसाठीची चरित्रं, सिनेमे हे सगळं बाजूला ठेवा. ते नंतर बघता येईल. पहिलं वाचन सगळ्यांनी एकत्र बसून, आळीपाळीनं, मोठ्यानं करायचं. अडेल तिथे अडू द्या. जुन्या मराठीतले ‘कैंची’, ‘भ्रतार’, ‘नोहे’ हे शब्द एक-दोन बैठकींत अंगवळणी पडतात. आसपास एखादे जुने वारकरी किंवा कीर्तनकार असतील तर त्यांना बोलवा. ते शब्दाचा अर्थ सांगतीलच, पण कुठे श्वास घ्यायचा तेही त्यांच्या म्हणण्यातून कळेल, आणि हे कुठल्याही कोशात मिळत नाही.

दुसऱ्या वाचनाला वही. पानाचे तीन भाग करा. पहिल्यात काय घडलं ते. दुसऱ्यात तिनं कुठे प्रश्न विचारला ते: देवाला, नवऱ्याला, शास्त्राला, स्वतःला. तिसऱ्यात तिला शरीरानं आठवलेल्या गोष्टी: चालणं, मार, भूक, जनावराचा स्पर्श, ग्लानी. पहिला भाग लवकर भरेल आणि सगळ्यांना वाटेल की झालं नाटक. पण प्रवेश जन्मतात ते दुसऱ्या आणि तिसऱ्या भागातून.

दुसऱ्या भागात सगळ्यात वर ही ओळ लिहा:

वेद हांका देती पुराणें गर्जती ।
स्त्रियेच्या संगतीं हित नोहे ॥

आणि पुढे ती म्हणते की मी तर सहजच बाईचा देह घेऊन आले, मग आता मला परमार्थाची सोय कुठली? सगळं नाटक या प्रश्नावर उभं राहतं. हा प्रश्न विचारताना तिला उत्तर माहीत नाही, हे लेखकानं आणि नटीनं कधीही विसरू नये. आपल्याला तिचा शेवट माहीत असतो, म्हणून आपण तिला पहिल्या प्रवेशापासून संत करून टाकतो. कोल्हापुरातली ती पोर संत नाही. कीर्तनात बसावंसं वाटतं आणि घरी मार बसतो, एवढंच तिला कळतं.

चौकट : शेवटची रात्र

जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ सांगत गेलात तर ते चरित्राचं वाचन होईल. चौकट खुद्द गाथ्यातच आहे. आयुष्य संपत आलं आहे, बहात्तराव्या वर्षी ती मुलाला, विठोबाला, जवळ बोलावते आणि सांगते: हा माझा तेरावा जन्म, याआधीचे बारा मला आठवतात. आणि एकेक जन्म सांगू लागते.

यात नाटकाला लागणारं सगळं आहे. एक माणूस सांगतो आहे, एक ऐकतो आहे, वेळ थोडा आहे. मुलाला काय हवं आहे? त्याला आई हवी आहे. बारा जन्मांचा हिशेब नको आहे. आईला काय हवं आहे? जाण्याआधी सगळं कुणाच्या तरी पदरात टाकायचं आहे. या दोघांच्या ओढाताणीतून मागचे प्रसंग उघडू द्या. म्हणजे आठवण ही केवळ मागे नेणारी युक्ती राहत नाही, ती त्या रात्रीची कृती होते.

मुलाला नुसता होकार भरणारा करू नका. त्यानं विचारावं, ‘आई, बाबांनी खरंच मारलं?’ त्यानं एखाद्या ठिकाणी ऐकायला नकार द्यावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसानं जुनी गोष्ट काढली की आपणही उठून जातो, ते त्याच्यात येऊ द्या.

नटसंख्या पाचाच्या वर नेऊ नका. म्हातारी बहिणा, पोरवयातली बहिणा, विठोबा, नवरा, आणि एक जण उरलेल्या सगळ्या भूमिकांसाठी: वडील, कीर्तनकार, मंबाजी. हा पाचवा नट तुमचा सगळ्यात कसलेला हवा. दोन्ही बहिणा एकाच वेळी रंगमंचावर असू द्या. म्हातारी पोरीकडे बघते आहे आणि तिला थांबवू शकत नाही, हे एकही वाक्य न लिहिता प्रेक्षकांपर्यंत पोचतं.

वासराचा प्रसंग

इथे थोडा जास्त वेळ थांबतो, कारण या नाटकाचं काळीज इथे आहे, आणि नवखी मंडळी नेमकी इथेच घसरतात.

हकीकत अशी. कोल्हापुरात नवऱ्याला वासरासकट एक कपिला गाय दान मिळते. वासराला बहिणेचा लळा लागतो. ती असली तर खातं-पितं, नसली तर हंबरतं. ती कीर्तनाला निघाली की तेही मागोमाग. एके दिवशी जयरामस्वामी भर कीर्तनात त्या वासराच्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवतात. गावात बोलणं सुरू होतं. कुणीतरी नवऱ्याच्या कानावर घालतं, आणि तो तिची वेणी धरून तिला मारतो, बांधून ठेवतो. गाय-वासरू खाणं सोडतात. वासरू मरतं. आणि ती शुद्ध हरपून काही दिवस पडून राहते. त्या ग्लानीतून पुढे तुकोबांचं स्वप्न येतं.

आता हे करायचं कसं? मुखवटा घातलेला मुलगा वासरू म्हणून आणू नका. कापसाचं वासरू तर नकोच. माझ्या मते एक दावं पुरतं, काथ्याचं, जुनं, हाताळून मऊ झालेलं. पोरवयातली बहिणा दाव्याचं एक टोक धरते, दुसरं टोक मोकळं जमिनीवर. तिच्या मनगटाला बसणाऱ्या ओढीतून वासरू दिसलं पाहिजे. यासाठी निदान चार तालमी फक्त दाव्यावर घालवा. नटीला शक्य असेल तर एखाद्या गोठ्यात नेऊन खरं वासरू बांधायला-सोडायला लावा. वासरू ओढतं कसं, मध्येच थबकतं कसं, हात चाटायला तोंड पुढे कसं करतं, हे अंगात मुरलं की दाव्याला जीव येतो.

मग मार. नवऱ्याचा हात आणि तिचं अंग यांचा स्पर्श दाखवू नका. तो दावं हातात घेतो. ज्या दाव्यानं वासरू बांधलेलं होतं त्याच दाव्यानं तो तिला खांबाला बांधतो. आवाज नाही, संगीत नाही. म्हातारी बहिणा पलीकडे बसून स्वतःचं मनगट चोळते. एवढ्यावर थांबा. त्या जागी कितीही मोठी किंकाळी घातली तरी मनगट चोळण्याइतकं ते खरं वाटणार नाही.

वासरू गेलं हे सांगायला दाव्याचं टोक सैल पडलं की झालं.

नवऱ्याला खलनायक करू नका

मारहाण करणाऱ्या माणसाची वकिली मी करत नाही. तो मार मारच आहे, तो सौम्य करायचा नाही. पण नवऱ्याला मिशा पिळणारा दुष्ट केला तर बहिणेचा पेच संपतो, आणि पेच संपला की नाटक संपलं. तिचा पेच असा की ती नवऱ्याला सोडायला तयार नाही आणि विठ्ठलालाही. पतीची सेवा हाच धर्म, असं तिनं स्वतः आपल्या अभंगांत सांगितलं आहे, आणि तेही मनापासून. आजच्या मुलींना हे म्हणायला जड जातं. तालमीत वाद होतात, आणि व्हायलाच हवेत. पण तो भाग गाळून तिला आजच्या काळातली बंडखोर बनवणं म्हणजे तिच्या तोंडातलं निम्मं बोलणं काढून घेणं.

नवरा वेदपाठी ब्राह्मण. पोट त्याच विद्येवर. त्याची बायको कुणबी वाण्याला गुरू मानते म्हटल्यावर चार लोकांत त्याचं काय उरतं, ही भीती नटानं शोधावी. पुढे तो बायकोला टाकून निघायचं ठरवतो. ती त्या वेळी गरोदर. आणि तेवढ्यात तो आजारी पडतो, ती त्याची शुश्रूषा करते, आणि त्याचं मन पालटतं. मग तोच तिला घेऊन देहूला जातो. हे पालटणं एका झटक्यात दाखवू नका. तापात पडलेल्या माणसाला पाणी पाजणारा हात तोच, जो आपण बांधला होता, हे त्याला कळायला दोन-तीन मिनिटं शांतता द्या. नवख्या दिग्दर्शकाला शांततेची भीती वाटते. ती सोडा.

जातीचा प्रश्न झाकायचा नाही. बहिणाबाईंनी वज्रसूची या जुन्या संस्कृत ग्रंथाच्या आधारानं अभंग रचले आहेत. ब्राह्मण म्हणजे नेमका कोण, देह की जीव, जन्म की ज्ञान, हे त्यांत एकेक करून तपासलं आहे. देहूच्या प्रवेशात मंबाजीसमोर हा युक्तिवाद ठेवला तर तो भाषण वाटत नाही, कारण समोर ऐकून घेणारा आणि चिडणारा माणूस आहे.

चमत्कार आणि तुकोबा

प्रश्न हमखास येतो: तुकोबा दाखवायचे का? माझं उत्तर, नाही. स्वप्नात ती त्यांना बघते. प्रेक्षकांनी तिचं बघणं बघावं. दाढी, तुळशीमाळ, चिपळ्या घेऊन कुणी आत आलं की प्रत्येक प्रेक्षक आपल्या मनातल्या तुकोबांशी त्याची तुलना करू लागतो, आणि बहिणा बाजूला पडते. कानात मंत्र सांगितला जातो त्या क्षणी नटीनं फक्त मान किंचित कलती करून ऐकावं. मंत्र मोठ्यानं उच्चारायची गरज नाही.

गाथ्यात आणखीही विलक्षण गोष्टी आहेत. मंबाजीनं बहिणेच्या गाईला मारलं आणि वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, असं ती सांगते. ‘हे खरं घडलं का’ आणि ‘हे कसं दाखवायचं’ हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवा. तिनं ते असं सांगितलं, एवढं धरा. म्हातारीनं ते सांगावं, विठोबानं ऐकावं. त्याचा विश्वास बसला की नाही हे त्याच्या चेहऱ्यावर सोडा. धूर सोडणारं यंत्र, लुकलुकणारे दिवे, आकाशवाणीचा घुमणारा आवाज यांतलं काहीही आणू नका. श्रद्धावान प्रेक्षकाला त्याची गरज नसते आणि नास्तिकाला त्यानं काही पटत नाही.

भाषा आणि अभंगाचं म्हणणं

संवाद कोणत्या मराठीत लिहायचे? सतराव्या शतकाची नक्कल करायला गेलात तर ‘मजप्रति’, ‘तुजकारणे’ असं काहीतरी पुस्तकी निघतं. साधी, आजची, पण शहरी शब्द टाळलेली मराठी ठेवा. ‘टेन्शन’, ‘डिस्टर्ब’ अर्थातच नको. पण ‘मानसिकता’, ‘अस्तित्व’, ‘अभिव्यक्ती’ हेही नको. घरात बोलताना येतील तेच शब्द. शिऊर-वैजापूरकडची बोली येत असेल तर म्हातारीच्या तोंडी तिचा हलका रंग चालेल. येत नसेल तर ओढूनताणून आणू नका.

अभंग मात्र जसाच्या तसा. त्याची मोजणी नटांना शिकवा. ‘मोठा अभंग’ या प्रकारात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. वर दिलेली ओळ बोटांवर मोजून बघा: वे-द-हां-का-दे-ती, पु-रा-णें-ग-र्ज-ती, स्त्रि-ये-च्या-सं-ग-तीं, हि-त-नो-हे. शेवटचा चरण दोन अक्षरांनी आखूड. त्या आखूडपणात अर्थ आदळतो. ‘हित नोहे’ म्हटल्यावर जी रिकामी जागा राहते, तिथे नटीनं काही भरू नये. सगळेच अभंग इतके काटेकोर नाहीत, अक्षर इकडेतिकडे होतं, आणि ते तसंच म्हणायचं.

पहिले दोन आठवडे एकही अभंग गाऊ नका, फक्त बोला. भाजी निवडताना, केर काढताना, चालताना बोला. शब्द स्वतःचे झाले की मग चाल. नाटकात तीन किंवा चार अभंगच गायले जावेत, बाकीचे बोलले जावेत. सगळेच गायले तर भजनाचा कार्यक्रम होतो. भजनाचा कार्यक्रम ही सुंदर गोष्ट आहे, पण आपण तिला नाटक म्हणून बोलावलेलं असतं.

चाल बांधताना एक व्यावहारिक गोष्ट. बहिणाबाईंचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यांवर आज कुणाचा हक्क नाही. पण ध्वनिमुद्रिकेतली लोकप्रिय चाल तिच्या संगीतकाराची असते, आणि गाथ्याच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना-टीपा संपादकाच्या असतात. त्या न विचारता उचलू नका. गावातल्या भजनी मंडळाला बोलवा, पारंपरिक चाली त्यांच्याकडे भरपूर असतात.

वाद्यं, कपडे, वस्तू

टाळ, पखवाज, एकतारी. पेटी नको. पेटी आपल्याकडे आली ती एकोणिसाव्या शतकात. बाजूला वादक बसवून वापरलीत तर कुणी चूक म्हणणार नाही, पण टाळ-पखवाजाचा कोरडेपणा या गोष्टीला जास्त शोभतो.

कपडे सुती, धुऊन विटलेले. नऊवारी लुगडं नेसून बसणं, उठणं, वाकणं याची सवय पहिल्या आठवड्यापासून करा, रंगीत तालमीच्या दिवशी नव्हे. वस्तूंची यादी करून त्यांतलं त्या काळी नसलेलं काढून टाका: काडेपेटी, रॉकेलचा कंदील, स्टीलचं भांडं, चहाचा कप, भिंतीवरची छापील तसबीर. विठ्ठलाची छापील तसबीर तर दर दुसऱ्या नाटकात दिसते. त्या घरात ती नव्हती. पितळी तांब्या, मातीचं मडकं, पणती, घोंगडी, दावं. एवढ्यात भागतं, आणि खर्चही वाचतो.

तालमी

रोज दोन तास मिळत असतील तर सहा आठवडे धरा. पहिला आठवडा वाचनाचा, दुसरा उभ्यानं वाचण्याचा, तिसऱ्याच्या शेवटी संहिता हातातून सुटलेली असावी. पाचव्यात सलग प्रयोग. सहाव्यात दिवे, संगीत, रंगीत तालीम.

म्हातारी करणाऱ्या नटीसाठी एक अभ्यास मला फार उपयोगी वाटतो. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजीकडे जाऊन बसायचं. तिचे हात कामात असताना, म्हणजे ती वाती वळत असेल, शेंगा सोलत असेल तेव्हा, तिच्या लग्नाची गोष्ट विचारायची. ध्वनिमुद्रण करायचं नाही. फक्त बघायचं की जुनं आठवताना हात कधी थांबतात. दुःखाच्या जागी ते थांबतीलच असं नाही. पुष्कळदा दुःख सांगताना हात जोरात चालतात आणि एखाद्या क्षुल्लक तपशिलाशी थांबतात, कुणाच्या तरी लुगड्याच्या काठाशी, एखाद्या वासाशी. हे थांबणं घेऊन या. थरथरता आवाज, वाकडी कंबर, खोकला हे सगळं मग आपोआप अनावश्यक होतं.

जागा आणि दिवे

शाळेचं सभागृह, देवळाचा सभामंडप, कुठेही होतं. नेपथ्य म्हणून एक खांब आणि एक बाज पुरे. खांब भक्कम हवा; त्याला माणूस बांधायचा आहे. बाजेभोवती एक उबदार, पिवळसर प्रकाशाचा भाग शेवटच्या रात्रीसाठी, आणि उरलेल्या जागेत किंचित थंड प्रकाश आठवणींसाठी. दिवे हळूहळू मंद करणारा डिमर नसेल तर प्रत्येक आठवणीला काळोख करून पुन्हा उजेड करण्याच्या भानगडीत पडू नका. म्हातारीनं मान वळवली की काळ बदलला, हे प्रेक्षक दुसऱ्याच वेळी ओळखतात. देवळात प्रयोग असेल तर पुजाऱ्यांना आरतीची वेळ आधी विचारा.

कागदपत्रं

तिकीट असो वा नसो, जाहीर प्रयोगाआधी संहिता महाराष्ट्राच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. हे काम संहिता पक्की झाली की लगेच सुरू करा, प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात नव्हे. राज्य नाट्य स्पर्धेत किंवा एकांकिका स्पर्धेत उतरणार असाल तर वेळेची मर्यादा आधी वाचा आणि त्या बेतानंच लिहा. नंतर कापायला बसलात की पहिली कात्री शांततेवर चालते.

प्रेक्षक

या नाटकाला दोन प्रकारचे लोक येतात. एक, ज्यांच्या घरी वारी आहे. ते टाळ वाजले की हात जोडतील, एखादी आजी अभंग मागून म्हणायला लागेल. नटांना याची तयारी द्या. थांबायचं नाही, दुर्लक्षही करायचं नाही, आजीला ओळ पुरी करू द्यायची. दुसरे, ज्यांना हे सगळं परकं आहे. ते मारहाणीच्या प्रवेशानंतर बहिणेवर चिडतात, की ही निघून का जात नाही. ही चीड प्रयोगात उत्तर देऊन शमवू नका. प्रयोगानंतर लोक थांबले तर बोला, आणि पहिल्या प्रकारच्या आजींना दुसऱ्या प्रकारच्या तरुणांशेजारी बसवा.

पहिला प्रयोग होऊन गेला की जमलं तर सगळ्या चमूला घेऊन शिऊरला जाऊन या. तिथे बहिणाबाईंची समाधी आहे. प्रयोगाच्या आधी गेलात तर भारावून याल आणि नायिका पुन्हा वर बघू लागेल, म्हणून मी नंतर म्हणतो.

शेवटचा प्रवेश

तेराव्या जन्मापाशी म्हातारी थांबते. पोरवयातली बहिणा तिच्या बाजेपाशी येऊन बसते, हातात दावं. ती दाव्याचं एक टोक म्हातारीच्या हातात देते. विठोबाला पोर दिसत नाही, दावं दिसतं. तो ते आईच्या मुठीतून सोडवायला जातो, आणि मग सोडवत नाही, दुसरं टोक स्वतः धरतो. टाळ विंगेतून, एकच जोडी, हळू. शेवटचा दिवा मुठीवर. पडदा ओढणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: टाळ थांबला की मनात दहापर्यंत मोजायचं, आणि मगच दोरीला हात घालायचा.